परतीच्या ओळीतली रिकामी जागा

चि. तन्वी आणि चि. सम्यक,

तुमच्या शिकागोच्या तीन दिवसांच्या सहलीचा तक्ता मिळाला. वेळ, ठिकाण, कोण काय आणणार – सगळं रकान्यांत मांडलेलं. आजीचं वळण उतरलं म्हणून आधी आनंद झाला. मग शेवटची ओळ पाहिली. ‘रिटर्न’, आणि त्यापुढे तुम्ही दोघं आणि तुमचे दोन मित्र, अशी चौघांची नावं. मी फोन करून म्हटलं, ती नावं काढा. तेव्हा तुम्ही हसलात. तन्वी म्हणाली, “आजी, तूसुद्धा?”

राग आला नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही हसले असते. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरातले देव टोपलीत घालून घोडनदीत सोडले, तेव्हा मी त्या टोपलीला हात लावून चालले होते. माझे वडील म्हणायचे, “कुणी काही सांगितलं की आधी विचार, पुरावा काय?” मांजर आडवं गेलं म्हणून मी कधी थांबले नाही. अमावस्या माहीत होते ती कॅलेंडरमुळे. आजही माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण माझ्याकडे एक कागद आहे, आणि त्या कागदाचा मला उलगडा होत नाही... तो सांगते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी शिरूरला शाळेत इंग्रजी शिकवायचे. तुमचे आजोबा दौंडला रेल्वेत, गुड्स क्लार्क. तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि शनिवारी एस.टी.ने घरी यायचे. शिरूरच्या घरात माझ्या सासूबाई – त्यांना मी आत्याबाई म्हणायचे – चार वर्षांचा बंडू, म्हणजे तुमचे बाबा, आणि शेवंता. शेवंता ही आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. मी तिला वन्सं म्हणायचे. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. पोटी काही नव्हतं. बंडूला तिनेच वाढवलं म्हटलं तरी चालेल. मी शाळेतून येईपर्यंत तो तिच्या कडेवर असायचा.

वन्संना शाळा मिळाली नव्हती. त्या वर्षी रोज संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की मी त्यांना अक्षरं शिकवत होते. पहिला शब्द शिकवला तो त्यांचंच नाव. शेवंता. आठ दिवस त्या अंगणात, राखेत, परातीतल्या पिठात तेच लिहीत होत्या. मग दादा म्हणजे तुमचे आजोबा, बंडू, आणि वहिनी म्हणजे मी. ‘वहिनी’ लिहिताना ‘हि’ नेहमी दीर्घ काढायच्या. मी सांगून थकले. त्या म्हणायच्या, “तुम्ही उंच हाय, तुमची वेलांटी बी मोठीच पायजे.”

वन्संनी समुद्र पाहिला नव्हता. मे महिन्यात तुमच्या आजोबांना पास मिळाला आणि आम्ही मुंबईला जायचं ठरवलं. शुक्रवार ते रविवार, तीन दिवस. उतरायचं दादरला माझ्या मामेबहिणीकडे. पहिल्या दिवशी चैत्यभूमी आणि समुद्र, दुसऱ्या दिवशी राणीची बाग, गेटवे आणि म्हातारीचा बूट, रविवारी दुपारच्या गाडीने परत. बहीण नुकतीच बाळंतीण झालेली, तिला त्रास नको म्हणून सकाळचं दूध कुणी आणायचं तेही मी लिहिलं होतं. ‘साडेसहा – दूध – वहिनी’, शनिवार-रविवार दोन्ही दिवस. वन्संना वाचता यावं म्हणून मी सगळ्यांची नावं घरात हाक मारतो तशीच लिहिली.

हा तक्ता मी कार्बन घालून लिहिला. वरचा कागद माझ्या पर्समध्ये, खालची प्रत घरी आत्याबाईंसाठी. आम्ही कोणत्या वेळी कुठे आहोत ते शेजारच्या मास्तरांकडून त्यांनी वाचून घ्यावं, म्हणजे काळजी नाही. कार्बन नवा होता, बॉलपेन होतं, आणि मी दाबून लिहिते हे तुम्हाला ठाऊक आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ट्रंक भरत होते. वन्संनी प्रत घेतली आणि आत्याबाईंपुढे बसून, बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागल्या. आयुष्यातलं पहिलं वाचन. आत्याबाई कौतुकाने टाळूवर तेल चोळायचं थांबल्या होत्या.

“रईवार. परत. दादा... शेवंता... बंडू.” वन्सं थांबल्या. “वहिनी, तुमचं नाव न्हाई की हितं.”

आत्याबाई लगेच म्हणाल्या, “मंग ऱ्हाती की काय तिकडंच! साहेबाची भाषा शिकलीया, साहेबाच्या गावात करमंल तिला.”

आम्ही तिघीही हसलो. मी हातातली साडी ठेवून पाहिलं. ‘दादा’ आणि ‘शेवंता’ यांच्यामध्ये एका शब्दाची जागा कोरी होती. पर्समधून वरचा कागद काढला. तिथे ‘वहिनी’ स्पष्ट होतं.

“कार्बनला तेवढ्यापुरती सुरकुती पडली असेल,” मी म्हटलं.

वन्संनी प्रत उलटी केली आणि मागून बोट फिरवलं. बाकी प्रत्येक शब्दाचा उठाव बोटाला लागत होता. पेन दाबलं की खालच्या कागदावर वळ उठतोच, शाई उमटो न उमटो. त्या एका जागी कागद गुळगुळीत होता. जाण्याच्या ओळीत मी होते. दुधाच्या ओळींत होते. परतीच्या ओळीत नव्हते.

“हितं तुम्ही लिवलंच न्हाई,” वन्सं म्हणाल्या.

“वरच्यावर आहे ना? मग लिहिलंच असणार.”

“मंग खाली का न्हाई?”

“वन्सं, कागदाला डोकं नसतं. पेन ट्रंकेत गेलंय, उद्या सकाळी लिहिते.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. मी लावती भिंतीला. तुम्ही बंडूला निजवा.”

मला बरंच वाटलं. एक काम कमी झालं. सकाळी एस.टी.च्या घाईत मी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

न्हावरा, चौफुला, पाटस करत आम्ही दौंडला पोचलो, क्वार्टरमध्ये राहिलो आणि सकाळच्या गाडीने निघालो. कागदाची गंमत मी आजोबांना गाडीत सांगितली. ते म्हणाले, “बरंय, एक माणूस कमी. ऐसपैस बसू.” वन्संनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

तीन दिवस वन्संनी माझा पदर सोडला नाही. फलाटावर मला भिंतीकडे ढकलत होत्या. रस्ता ओलांडताना गाड्यांच्या बाजूला स्वतः चालत होत्या. समुद्र पाहिला तेव्हा मात्र सगळं विसरल्या. पायावर पाणी आल्यावर ओरडल्या, “आगं आई, एवढं पानी! आन् प्यायचं न्हाई? मंग ठिवलंय कशाला?” चूळ भरून पाहिली आणि थुंकून बंडूला म्हणाल्या, “तुझ्या आजीच्या कालवनावानी हाय.” मी गुडघाभर पाण्यात गेले तशी त्यांनी दंड धरून मागे ओढलं. मी चिडले. “वन्सं, मी काय लहान आहे?” असं लोकांसमोर बोलले. त्यांनी दंड सोडला नाही. नखांचे व्रण होते माझ्या हातावर... ते पुढे आठ दिवस राहिले.

रविवारी सकाळी साडेसहाला मी दुधाच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेतली. चपला घालत होते. वन्संनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

“आज मी जाती.”

आमच्या घरी ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हा दंडक वन्संचाच. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा ‘जाते’ म्हटल्यावर त्यांनी मला दारातून परत बोलावून ‘येते’ म्हणायला लावलं होतं. मी तेव्हा मनात हसले होते. म्हणून मी म्हटलं, “वन्सं, येते म्हणा. तुमचाच नियम आहे.”

त्या दोन पायऱ्या उतरल्या होत्या. वळून म्हणाल्या, “व्हय की. तुम्ही या, म्हंजी झालं.”

मला वाटलं, तुम्ही मागून या म्हणतात. मी बंडूचं तोंड धुवायला गेले.

दूध केंद्र रस्त्याच्या पलीकडे होतं. ट्रक वळणावरून आला. काचा फुटल्याचा आवाज मी मोरीत ऐकला आणि मनात आलं, कुणाच्या तरी बाटल्या फुटल्या. एवढंच आलं मनात. मग खालून हाका आल्या.

पुढचं लिहीत नाही. वन्संना आम्ही मुंबईतच निरोप दिला. रविवारची गाडी गेली. मंगळवारी परत आलो. दादा, वहिनी, बंडू.

शिरूरच्या घरात माणसं येत-जात होती. चौथ्या-पाचव्या दिवशी मला भिंत दिसली. प्रत खळ लावून चिकटवलेली होती. परतीच्या ओळीत, माझ्या रिकाम्या जागी, पेन्सिलीने वेडंवाकडं लिहिलं होतं – ‘वहीनी’. वेलांटी दीर्घ.

आणि त्याच्या पुढची जागा कोरी होती. ‘दादा, वहीनी’, मग काही नाही, मग ‘बंडू’.

मी पाणी लावून कागद सोडवला. वाळल्यावर मागून बोट फिरवलं. बाकीचे वळ भिजून पुसट झाले होते, पण हाताला लागत होते. ‘शेवंता’च्या जागी काहीच नव्हतं. खोडलेलं नव्हतं, कार्बनचा डाग पसरलेला नव्हता. जाण्याच्या ओळीत नाव तसंच, निळं, स्वच्छ.

आत्याबाईंना विचारलं. त्यांनी कागद हातात घेतला. मग म्हणाल्या, “तू आत पोराला निजवत व्हतीस तवा ती कागुद घिऊन बसली. मी म्हनलं, काय लिवतीस गं? म्हनली, ‘आये, एक जागा रिकामी व्हती, ती भरती.’ एकच शबुद लिवला बाई, लई येळ लागला. मंग खळ लावली.”

“स्वतःचं नाव खोडलं का त्यांनी?”

“न्हाई. माझ्याम्होरंच व्हती की. तिला तेवढंच तर चांगलं लिवाया यायचं... ते कशाला खोडंल?”

तुमच्या आजोबांनी शेवटपर्यंत सांगितलं, तिने रबराने पुसलं असेल, तू दुःखात होतीस. मी तोच कार्बन, तेच पेन घेऊन वीस कागद लिहिले. एकही शब्द गळला नाही. लिहिलेलं पुसून पाहिलं, प्रत्येक वेळी डाग राहिला, वळ राहिला. वरचा कागदही आहे माझ्याकडे. त्यावर चौघंही परत येतात.

वडील असते तर म्हणाले असते, योगायोग. ट्रकवाल्याला कागद कसा माहीत? बरोबर आहे. मलाही दुसरं काही म्हणता येत नाही. पण वन्संनी काय मानलं होतं ते मला ठाऊक आहे, आणि ते त्यांनी त्या कागदावरून वाचलं होतं. वाचायला मी शिकवलं होतं. एवढ्या मुली शिकवल्या, त्या कुठे कुठे पोचल्या, त्याचा अभिमान आहे. या एकीपाशी मात्र अडकते.

तुमच्या बाबांना शेवंताआत्या आठवते – कडेवर घेणारी, समुद्राचं पाणी थुंकणारी. कागदाचं त्याला मी सांगितलेलं नाही. आता तुम्ही मोठे आहात, तुम्हीच ठरवा.

शिकागोला खुशाल जा. शेवटच्या ओळीत नावांऐवजी ‘सगळे’ एवढंच लिहा, म्हातारीच्या समाधानासाठी. निघताना फोन करा आणि ‘येतो’ म्हणा.

कागद माझ्या कपाटात आहे, प्लॅस्टिकच्या पाकिटात. पेन्सिल पुसट होत चालली आहे. जन्मभर मी लोकांच्या वेलांट्या लाल शाईने दुरुस्त करत आले. ती एक मी तशीच ठेवली आहे.

तुमची,
आजी