आऊटताई आणि टपाल कचेरीचा कोपरा

सायकलचं चाक वाकडं झालं की त्याला ‘आऊट आला’ म्हणतात, आणि एकेक तार कसत ते पुन्हा सरळ करणं म्हणजे आऊट काढणं. भल्याभल्यांना हे जमत नाही. एक तार जास्त कसली की चाक दुसरीकडे झुकतं, ती सैल करावी तर तिसरीच रुसून बसते. हे काम करणाऱ्या बाईंना सगळी पेठ आऊटताई म्हणायची. दुकान त्यांच्या वडिलांचं. भावाला तेलकट हातांचा तिटकारा, म्हणून ते ताईंकडे आलं. आता पंचवीस वर्षांनी फिरत्या चाकाला नुसतं अंगठ्याचं नख लावलं तरी ते कुठे किती वाकलंय ते ताई डोळे मिटून सांगत.

त्यांचे यजमान लोकांना मोटार चालवायला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, ताईसुद्धा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात; या घरात त्या तीस वर्षं सुखाने राहत होत्या. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. तो दाबायची पायाला इतकी सवय झालेली की ताई जेवताना तावातावाने बोलू लागल्या की टेबलाखाली मास्तरांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. ताईंना तो ठक् असा आवाज ऐकू येई आणि त्यांचा आवाज आणखी एक पट्टी वर जाई.

वाकडं चाक घेऊन कुणी आलं की ‘कुठे आपटलात?’ असं विचारायची ताईंना खोडच होती. त्या वर्षी दोन महिन्यांत अकरा चाकं आली, आणि त्यांतल्या आठजणांनी एकच उत्तर दिलं: टपाल कचेरीचा कोपरा. आठव्या होत्या गाण्याच्या बाई. हात गळ्यात बांधलेला, आणि पुढच्या चाकाचा पार आठाचा आकडा. बाई म्हणाल्या, “चाक बदला, पण सायकल मला परत नको. कुणाला तरी देऊन टाका.” वीस वर्षं त्याच सायकलवरून त्या शिकवण्यांना जात होत्या.

ताईंच्या ते जिवाला लागलं. चाकाचा आऊट काढता येतो, मनाला आलेला कसा काढायचा? दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून त्या नगरपालिकेत गेल्या.

रस्त्यांचं काम बघणारे इंजिनिअर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नोंदवही उघडून सांगितलं की त्या कोपऱ्यावर तीन वर्षांत एकही अपघात झालेला नाही. संध्याकाळी दुकानामागच्या ढिगातून ताईंनी, आऊट निघण्यापलीकडे गेल्या म्हणून बदललेल्या, त्या आठ वाकड्या रिमा काढल्या, प्रत्येकीला तारीख, वेळ आणि काय घडलं ते लिहिलेली चिठ्ठी बांधली, आणि सकाळी सगळ्या दोरीने खांद्याला अडकवून पुन्हा हजर झाल्या. शिपायाने त्यांना भंगारवाली समजून मागच्या दाराने जायला सांगितलं. त्या पुढच्याच दाराने गेल्या.

इंजिनिअरसाहेबांनी एकेक चिठ्ठी वाचली. हे त्यांच्या वहीत कसं नाही, असं त्यांनी विचारलं.

“चाक वाकलं की माणूस तुमच्याकडे येत नाही, साहेब,” ताई म्हणाल्या. “माझ्याकडे येतो.”

साहेबांनी वही मिटली आणि उद्या सकाळी आठ वाजता तो कोपरा बघायला येतो असं कबूल केलं.

घरी ही हकिगत ऐकून मास्तर उखडले. सायकलवाले वाट्टेल तिथून घुसतात आणि बोल लागतो गाडीवाल्यांना, हे त्यांचं जुनं म्हणणं. नीट चालवणाऱ्याला सगळं दिसतं, हे ते साहेबांना दाखवून देणार होते. ताई म्हणाल्या, “या तर मग. मी सायकलवर असेन.”

सकाळी मास्तरांनी साहेबांना शेजारी बसवलं आणि कोपऱ्याला वळसे घालायला सुरुवात केली. पहिल्या दोन वळशांत काही झालं नाही, आणि मास्तरांची मान जरा ताठ झाली. तिसऱ्या वेळी, वळणाच्या टोकापर्यंत लावलेल्या गाड्यांच्या आडून एक सायकल सरळ समोर आली. मास्तरांनी कचकन ब्रेक दाबला. बॉनेटपासून हातभर अंतरावर ताई एक पाय टेकवून उभ्या होत्या. वाटेवरून सरळ येण्यापलीकडे त्यांनी काहीही केलं नव्हतं.

मास्तरांनी गाडी बंद केली. मग साहेबांना म्हणाले, “तीस वर्षं मी लोकांना बघायला शिकवतोय. ती येणार हे मला ठाऊक होतं. तरी मला माझी बायको दिसली नाही.”

त्या दिवशी जेवताना टेबलाखाली आवाज झाला नाही.

साहेबांनी तीन महिन्यांचा प्रयोग मंजूर केला: वळणाआधी पंधरा पावलं गाडी लावायला बंदी, आणि पुढे कडेने कुंड्या मांडून सायकलींसाठी वेगळी वाट. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाचे शेठजी भडकले. गिऱ्हाइकाने गाडी लावायची कुठे, असं म्हणत त्यांनी शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करायला घेतल्या आणि सहीसाठी कागद ताईंपुढेही धरला, कारण हे सगळं ताईंनीच घडवून आणलंय हे बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. ताईंनी कागद नीट वाचला. मग गोड आवाजात विचारलं, “शेठ, मी आठवडाभर बघतेय. तुमच्या दारात सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत दोनच गाड्या असतात. एक तुमची आणि एक तुमच्या धाकट्या भावाची. गिऱ्हाईक लावतं कुठे?”

शेठजींनी दाराबाहेर पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि तो घडी करून खिशात घातला. पुढच्या आठवड्यात दोन्ही गाड्या मागच्या गल्लीत गेल्या. महिन्याभराने शेठजी स्वतःच सांगत सुटले की मोकळ्या दारातून दुकान लांबून दिसतं, आणि सायकलवाला वाटेत थांबून चपला बघतो तरी. मोटारवाला भुर्रकन निघून जातो. कुंड्यांना पाणी घालायचं कामही त्यांनी आपल्याकडे घेतलं आणि ते दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना खपेना.

गाण्याच्या बाई एक दिवस चालत आल्या. कोपऱ्यावर बराच वेळ उभ्या राहून त्यांनी जाणारी-येणारी माणसं पाहिली आणि मग दुकानात येऊन, सायकल कुणाला दिली का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. गिऱ्हाईकच मिळालं नाही, असं ताईंनी सांगितलं. चौघांना त्यांनी ‘ठरलीय’ म्हणून परत पाठवलं होतं.

तीन महिने संपले तरी कुंड्या हलल्या नाहीत. साहेबांनी त्या कायम करून टाकल्या. ताईंकडे वाकडी चाकं कमी येऊ लागली, पण पंक्चर, साखळ्या आणि माळ्यावरून उतरवलेल्या धुळकट सायकली इतक्या आल्या की दुकान फुटपाथपर्यंत पसरलं. मास्तरांनी शिकवणीत नवा नियम केला: गाडीला हात लावण्याआधी प्रत्येकाने एक सकाळ सायकलवर काढायची. काही शिकाऊ पळून गेले. मास्तर म्हणाले, जाऊ देत, ब्याद टळली.

मग नगरपालिकेचं पत्र आलं. नदीवरच्या पुलाबद्दल तक्रारी आहेत, आपण येऊन पाहाल का, असं साहेबांनी लिहिलं होतं. मास्तर गाडीची किल्ली घेऊन उठले. ताईंनी त्यांच्यापुढे एक सायकल उभी केली, सीट दोन बोटं खाली केली आणि म्हटलं, “चला. वारा समोरचा आहे, माझ्या मागे राहा.”

मास्तरांनी कुरकुर केली, पॅन्टचा पाय मोज्यात खोचला, आणि दोघं पुलाकडे निघाली.