सुपरसेटमधली सलीमची ओळ

आधीच सांगतो, कारण खाली पहिली कमेंट हीच येणार आहे — "अ‍ॅपचा बग असेल भाऊ." मीही पाच आठवडे स्वतःला हेच सांगत होतो. भुतंखेतं, करणी, बाहेरचं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या न्हावऱ्यात एखादी म्हैस आटली तरी लोक कुणाची नजर लागली ते शोधत बसतात, आणि मी त्यांना हसणाऱ्यांतला. तेव्हा मला बग समजावून सांगू नका. त्यावर माझा अभ्यास तुमच्यापेक्षा जास्त झालाय.

मी शिरूरकडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे लोखंडी पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, लाइन लीडर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. सलीम मूळचा वरवंडचा, पण नोकरीसाठी न्हावऱ्यात त्याच्या फुफीकडे, म्हणजे आत्याकडे राहायचा. नोकरीला मीच चिकटवला होता त्याला. पहाटे साडेपाचला आम्ही दोघं जिमला जायचो आणि सव्वासातची कंपनीची बस पकडायचो. जिम म्हणजे खताच्या दुकानावरचा एक हॉल, दोन बेंच, गंजलेली डंबेल्स आणि एक आरसा, तोही तडकलेला.

व्यायामाचं अ‍ॅप होतं माझ्या फोनवर. फुकटात तीनच रुटीन बनवता यायची, म्हणून आम्ही एक जुगाड केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — सुपरसेट म्हणजे दोन व्यायाम जोडून घ्यायचे, मध्ये न थांबता. पहिल्याचा सेट झाला, टिक केली की अ‍ॅप लगेच दुसऱ्यावर जातं, आणि दुसरा झाला की मग दीड मिनिट विश्रांतीचं घड्याळ चालू होतं. हे एकाच माणसासाठी असतं. आम्ही वरची ओळ सलीमची ठेवली आणि खालची माझी. तो करायचा तेव्हा मी दम खायचो, मी करायचो तेव्हा तो. दोन्ही ओळींना जोडणारी एक निळी रेघ असायची. रविवारी सर्किट लावायचो, पाच व्यायामांचे चार राउंड, त्यातही एक त्याचा, एक माझा असंच.

त्याचं उजवं मनगट लहानपणी मोडलं होतं, ते डाव्यापेक्षा बारीक होतं. म्हणून त्यानं स्वतः एक व्यायाम टाइप करून घातला होता — "सलीम मनगट". हात मांडीवर टेकवायचा, मुठीत डंबेल धरायचं आणि नुसतं मनगट वरखाली. पाच किलोपासून सुरुवात होती. मी त्याला जाम चिडवायचो, बांगड्या भरायची तयारी चाललीय म्हणून. तो हसायचा आणि बारा पूर्ण करायचा.

जानेवारीत प्रेसखाली तोच हात गेला.

आता जे लिहितोय ते वाचून मला शिव्या द्या, चालेल. हात आत गेला की प्रेस थांबवणारा एक सेन्सर असतो. टार्गेटच्या नादात तो बंद ठेवायची आमच्याकडे पद्धतच पडली होती. वरून तोंडी ऑर्डर यायची, लेखी कधीच नाही. त्या दिवशी सेन्सर बंद करणारी बायपासची चावी मी फिरवली होती, माझ्या हाताने. तिसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला. माझं परमनंटचं लेटर टेबलावरच होतं, फक्त सही बाकी. "ऑपरेटरने स्वतः सेन्सर बंद केला असं तू पाहिलंस ना?" म्हणाले. मी पाहिलं म्हणून लिहून दिलं. चूक ऑपरेटरची ठरली की त्याला काढता येतं. मशिनची ठरली असती तर कंपनीला त्याला दुसरं हलकं काम देऊन ठेवावं लागलं असतं. एवढाच फरक होता, आणि तो मला चांगला माहीत होता.

मनगटाच्या चार बोटं वरून हात कापावा लागला. मी पुण्याला हॉस्पिटलच्या पार्किंगपर्यंत गेलो आणि गाडी वळवून परत आलो.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा जिमला गेलो. रुटीन उघडलं तर वरच्या ओळीत पहिल्या सेटला टिक होती. सलीम मनगट, पाच किलो, बारा. वाटलं, जुनं काहीतरी राहिलं असेल. माझा सेट मारला, टिक केली, दीड मिनिटाचं घड्याळ पळायला लागलं. फोन समोर बेंचवर पडला होता, मी लांब उभा होतो. घड्याळ संपल्यावर थोड्या वेळात वरच्या ओळीत दुसरी टिक आली. दहा. माझ्या डोळ्यांदेखत, बोट न लावता.

मी पासवर्ड बदलला. एअरप्लेन मोड लावला. अ‍ॅप काढून परत टाकलं. त्याची ओळ सुपरसेटमधून तोडली, पार डिलीट केली... दुसऱ्या दिवशी दोन्ही ओळी आणि निळी रेघ जशीच्या तशी. रोज बारा, दहा, आठ. सर्किट सोडलं होतं, म्हणून रविवारीसुद्धा तेच. एका गुरुवारी मात्र बारा, दहा आणि मग नुसते चार. तिसऱ्या आठवड्यात पाचाचे साडेसात किलो झाले. ज्याला हातच नाही त्याचं वजन वाढत होतं आणि मी धट्टाकट्टा माणूस माझं डंबेल हलकं करत चाललो होतो. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग यायचा, सलीमचा! तो मुद्दाम कुठून तरी हे करतोय, मला टोचतोय असं वाटायचं. एक फोन करून विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

मग एका रविवारी वरची ओळ रिकामी दिसली.

मी माझा सेट मारला, थांबलो. घड्याळ संपलं. काही नाही. इतके दिवस जी टिक नको वाटायची, तीच आता दिसेना. याचं काही बरंवाईट तर झालं नाही? तसाच घामाच्या कपड्यांत गाडी काढली, चौफुल्यावरून थेट वरवंड.

त्याच्या वडिलांचं हायवेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मागे घर. चाचा दारातच तांब्याची तार गुंडाळत बसले होते.

"ये बाळा. लई दिवसांनी आलास," म्हणाले. "चुकी ह्याचीच व्हती असं लिवलंय म्हणं कंपनीनं. ह्यो म्हंतो, मी न्हाई केलं. तू तर तिथंच व्हतास ना?"

मी म्हटलं, "सलीम कुठाय, चाचा?"

त्यांनी आत बोट केलं.

सलीम खाटेवर बसला होता. जिवंत. वाळला होता, दाढी वाढलेली, उजवी बाही गाठ मारून ठेवलेली. मला बघून उठला नाही.

"आज कसा काय आलास?" त्यानं विचारलं.

म्हटलं, "हात कसा हाय?"

"कुठला?" म्हणाला. मग स्वतःच बोलायला लागला, माझ्याकडे न बघता. "जो न्हाई त्योच दुखायचा. रोज पाटंचं. मूठ आवळल्यागत व्हायची, मनगट वर जायचं, खाली यायचं. बारा वेळा. मी मोजायचो, दुसरं काय करणार? मंग थांबायचं... तू तुझा सेट मारायचास तेवढा येळ, आन् वर दीड मिनिट. मंग दहा. मंग आठ. एकदा ताप व्हता, तवा चारावरच ढेपाळलं. मधी तर वजन वाढवल्यागत जड वाटाय लागलं. डॉक्टर म्हणले, व्हतं असं, मेंदूला सवय असती."

मी फोन काढून त्याच्यापुढे धरला. तो डाव्या अंगठ्यानं एकेक दिवस मागे सरकवत गेला. त्या गुरुवारच्या चारावर थांबला. घाबरेल असं मला वाटलं होतं. तो घाबरला नाही.

"हे तुला कवापासून दिसत व्हतं?"

"पाच आठवडे."

"पाच आठवडे," तो म्हणाला. "ह्या डबड्याला डोळं न्हाईत तरी ह्यानं माझं खरं लिवलं. तू डोळ्यानं बघितलंस, दत्त्या. चावी तुझ्या हातात व्हती."

मी म्हटलं, उद्याच जातो, सगळं खरं लिहून देतो. परमनंट गेलं खड्ड्यात. रडलोही असेन, आता नीट आठवत नाही.

"काल येऊन गेला तुमचा साहेब," सलीम म्हणाला. "म्हणला, साक्षीदारानं लिवून दिलंय, तू कितीबी नाकारलंस तरी उपेग न्हाई. कबूल कर आन् सुटून जा. मी सही केली. अब्बांना अजून सांगितलं न्हाई. डाव्या हातानं, चार डाव करून बघितली तवा एक बरी आली." मग बाहीची गाठ चाचपत म्हणाला, "आज पाटं हात गप हाय. पैल्यांदाच."

मी त्याला मिठी मारायला गेलो तर त्यानं डावा हात आडवा धरला.

त्यानंतर वरच्या ओळीत एकदाही टिक आलेली नाही. ती ओळ आता डिलीट होते, मी करून बघितली. परत येत नाही. कुणा कॉम्प्युटरवाल्याला, डॉक्टरला, मौलवीला, देवऋष्याला याचं उत्तर ठाऊक असेल तर सांगा. माझ्याकडे नाही.

मी दोनदा लेखी दिलं की सेन्सर मी बंद केला होता, सलीमने नाही. माझं परमनंट कुणी काढून घेतलं नाही, साधा मेमोसुद्धा दिला नाही. दोन्ही वेळा साहेबांनी फाइल उघडली आणि तोच कागद माझ्यापुढे सरकवला. खाली वेडीवाकडी, लहान मुलानं काढावी तशी सही. "हे बघ," म्हणाले, "तो स्वतःच कबूल करतोय. मग तू कशाला खोटं बोलतोस?"