मिरवेलीचं सासर

घरी कुणी आलं, तर आगरकाकू आधी झाडांना पाणी घालत आणि मग माणसाला देत. सोलापूरच्या उन्हातून आलेला पाहुणा घशाला कोरड पडून बसलेला असे, आणि काकू भरलेला तांब्या घेऊन त्याच्या डोळ्यांदेखत आतल्या खोलीत जात. "माणूस तोंडानं मागू शकतो गो," त्या म्हणत. "त्यांना कोण विचारणार?" लग्न होऊन मी भवानी पेठेत आले, त्याच दिवशी मला हा प्रसाद मिळाला. मनात म्हटलं, शेजार तर झकास मिळाला!

काकू कोकणातल्या. समुद्राकाठच्या एका गावात त्यांच्या वडिलांचं आगर होतं, म्हणजे नारळी-पोफळींची बाग. त्यांचे यजमान नाना गिरणीच्या कचेरीत कारकून होते, म्हणून काकूंना ह्या रखरखीत मुलखात यावं लागलं. त्यांच्या आणि आमच्या बिऱ्हाडात एकच भिंत होती. त्यांची मधली खोली अंधारी. उजेड यायचा तो माळवदातल्या एका झरोक्यातून. त्या खोलीत फुटक्या घागरी आणि घासलेटचे डबे मांडून काकूंनी अळू, नेचे, सोनटक्का, नागवेल, सुपारीचं एक रोप असा सगळा संसार थाटला होता. त्याला त्या 'माझं आगर' म्हणत. म्हणून पेठेनं त्यांना आगरकाकू केलं. नाना म्हणायचे, "ह्या घरात सर्दी मला होते, झाडांना होत नाही."

मी टेंभुर्णीकडची. ज्वारी, तूर आणि बांधावरची बाभळ, एवढ्यावर माझं झाडांचं शिक्षण संपलेलं. घरात, छपराखाली, कुणी झाडं पाळतं हेच मला नवल होतं. काकू देवळाबाहेर नारळ फोडणाऱ्यांच्या मागं उभ्या राहून सोडणं गोळा करत. प्रसादाचं खोबरं नको, वरची सालं तेवढी हवीत! ती भिजवून त्या डब्यांत मातीखाली भरत, म्हणजे ओल टिकते. पहिल्यांदा त्या मला बरोबर घेऊन गेल्या तेव्हा मी लाजेनं पदर तोंडावर ओढला होता. पुढं पुढं मीच दोन्ही हातांनी ती सालं गोळा करू लागले. संगतीचा गुण, दुसरं काय!

दुपारी गिरणीचा भोंगा होऊन गेला की पेठ पेंगुळायची. बाहेर पांढरं ऊन. काकू दार लोटून घेत, खोलीच्या जमिनीवर पाणी शिंपडत, तांदळाच्या धुवणात फडकं बुडवून एकेक पान पुसत आणि मग भिंतीला टेकून डोळे मिटत. झरोक्यातला उजेड पानांतून गाळून खाली यायचा, हिरवट, हलता. समोरच्या घरातून मागाचा ठेका ऐकू येई. "खाडीत कुणी वल्हं मारतंय बघ," काकू मिटल्या डोळ्यांनीच सांगत. "आता भरती लागली असेल. होड्या वर ओढत असतील." मी समुद्र पाहिलेला नव्हता. पण त्या खोलीत बसून मीसुद्धा भरतीची वाट बघायची. कधी तिथंच डोळा लागायचा आणि उठल्यावर क्षणभर आपण कुठल्या गावात आहोत तेच कळायचं नाही.

त्या सगळ्या गोतावळ्यात काकूंचा जीव मात्र एका मिरवेलीत होता. काळ्या मिऱ्यांचा वेल. वडील गेल्यावर भावांनी वाटण्या केल्या आणि आगर विकून टाकलं. नव्या मालकानं निम्मी झाडं तोडली म्हणे. त्याआधी काकू जाऊन पोफळीवरच्या वेलाचा एक तुकडा ओल्या सोडणात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. "माझ्या माहेरचं आता एवढंच जितं उरलंय," त्या एकदाच म्हणाल्या, आणि लगेच फडकं पिळायला उठल्या.

एका उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला. नळाला करंगळीएवढी धार. गरम वारा झरोक्यातून थेट आत उतरायचा. आधी नेचे गेले, मग सुपारीचं रोप. मिरवेलीची पानं कडांनी करपू लागली तेव्हा काकूंचं जेवण सुटलं. आपल्या वाटणीचं पाणीसुद्धा त्या वेलाला घालायला लागल्या. नाना रागावले, मी रागावले. काही उपयोग नाही.

उपाय समोरच्याच घरात होता. तिथं नरसम्मा आणि तिचा नवरा हातमागावर लुगडी विणायचे. तेलगू माणसं, पण मराठी बोलायची. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला, आणि कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून त्या खोलीत ओलीगार गोणपाटं टांगलेली. घरात प्यायला कमी पडलं तरी मागाच्या खोलीची ओल मोडायची नाही, हा विणकराचा नेमच. रोज संध्याकाळी काकू तिथं गप्पा मारायला जात, तिच्या हातचं ते आडाचं खारं पाणीही पीत. नरसम्माच आपण होऊन म्हणाली, "हितं आणून ठेवा की, अक्का. सुताला ओल लागते, तुमच्या वेलालाबी लागते. दोघं राहतील."

काकूंनी एक रात्र विचार केला. सकाळी मला हाक मारली. बघते तर डब्याला हळदकुंकू लावलेलं, बुंध्याशी खणाचा तुकडा आणि मूठभर तांदूळ. वेलाची ओटी भरली होती! मला हसू आवरेना. पण काकूंच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि डब्याला हात लावला. गल्ली ओलांडून आम्ही ती पाठवणी केली. मागाच्या खोलीतल्या लाकडी खांबाशी डबा ठेवला. नरसम्मानं रीतीप्रमाणं तांब्या पुढं केला. काकूंनी हात जोडले आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. काकू रोज जात, पानं पुसत, आणि तहानेनं ओठ सुकले तरी तांब्याला हात लावत नसत. पेठेत कुजबूज सुटली की आगरकाकूंना आता एकदम सोवळं सुचलं. नरसम्माच्या ते काळजाला लागलं. एके दिवशी तिनं डबाच उचलून काकूंच्या दारात आणून आदळला. "कालपर्यंत पीत होता की आमचं पाणी! काम झालं, आता जात दिसली काय? न्हाय लागत मला तुमचं झाड. घिऊन जावा!"

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांना वाटलं होतं, ही रीत साऱ्या जगाला ठाऊक असते. "अगो, जात कसली," त्या कशाबशा म्हणाल्या. "पोर दिलीय ना तुझ्या घरात! तिला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी आईनं कसं प्यायचं?"

नरसम्मा आधी माझ्याकडं बघत राहिली. मग मटकन उंबऱ्यावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. "येड्या हाय तुमी, अक्का," एवढंच म्हणाली. डबा पुन्हा कमरेवर घेतला आणि सुनेला घेऊन जावं तसा घरी घेऊन गेली.

वेलानं तिथं जीव धरला. खांबाला बोटं रोवत वर चढला, तुळईवर पसरला. मागावर रंगीत सूत ताणलेलं आणि वर ती काळपट हिरवी पानं. त्या खोलीत गेलं की बाहेरचं सोलापूर विसरायला व्हायचं. काकू खांबाशी बसून डोळे मिटायच्या. नरसम्मा कुरकुर करायची, "तुमची बिड्डा लई खोडीची, अक्का. माझ्या सुतात हात घालते." बिड्डा म्हणजे लेक. काकूंचा चेहरा खुलायचा. दर साली काकू पानांखाली मिऱ्यांचा तुरा शोधायच्या. तुरा काही यायचा नाही. आणि काकू पाणी प्यायच्या नाहीत.

मग नाना गेले. दिवस झाल्यावर मिरजेचा पुतण्या काकूंना न्यायला आला. नरसम्मा म्हणाली, वेल काढून देते, बरोबर न्या. काकूंनी तिचा हात धरला. "दिलेली पोर कुणी परत नेतं का गो?" टांगा उभा होता. काकूंनी प्रत्येक पान पुसलं, वेळ लागला तरी पुसलं. नरसम्मानं तांब्या पुढं केला. काकूंनी तो डोळ्यांना लावला आणि तसाच परत दिला. त्या दिवशी मला त्या रीतीचा संताप आला होता. अजूनही येतो.

पुढं एका श्रावणात नरसम्मा धावत आली आणि माझं मनगट धरून ओढतच घेऊन गेली. तुळईवर, पानांच्या आड, हिरव्या मण्यांचा एक लहानसा घोस लोंबत होता. आम्ही दोघी वर बघत उभ्या राहिलो. तिच्या नवऱ्यानं माग थांबवला.

काकू अंथरुणाला खिळल्याचं त्याआधीच कानावर आलं होतं. मी मिरजेला जायला निघाले. काशीहून गंगा आणतात तसा एक तांब्याचा गडू नरसम्मानं माझ्या हातात दिला, तोंड लाखेनं बंद केलेलं. कुर्डुवाडीला गाडी बदलून लहान गाडीत बसले आणि तो गडू वाटभर मांडीवरून खाली ठेवला नाही.

काकू वाळून गेल्या होत्या. मी घोस त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, "सुखरूप आहे ना?"

"लेकुरवाळी झाली, काकू," मी म्हटलं आणि गडूची लाख फोडली. "हे तिच्या सासरचं पाणी."

काकूंनी मला हात द्यायला लावला, उठून बसल्या, डोक्यावरून पदर घेतला. उशाशी खिडकीत एका डब्यात त्यांनी अळू लावलं होतं आणि त्याची पानं मान टाकून पडली होती. काकूंनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. गडू दोन्ही हातांत धरून ते खारं पाणी त्या एकट्या, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.