कड्यावरून धावणारी आई

काल बूट झटकताना चुनखडीची पांढरी धूळ उडाली आणि मला कायकोराच्या समुद्रकिनाऱ्यावरची ती सकाळ आठवली.

बाबा गेल्यावर आई साताऱ्याहून माझ्याकडे न्यूझीलंडला आली होती. घराबाहेर पडायला ती तयारच नसायची. त्या रविवारी मात्र मी धावायला निघताना ती माझे जुने बूट घालून आली.

"तू धाव, मी येते चालत."

पांढऱ्या कड्यांखाली समुद्र गाजत होता, वाऱ्याला शेवाळाचा खारट वास होता. मागून पावलं वाजली. ओढणी कमरेला खोचून आई धावत होती!

"आई, हळू! पडशील!"

"खो-खो खेळायचे मी," म्हणत ती माझ्या पुढे गेली.

तेव्हा मला तिच्या गुडघ्यांचीच काळजी होती. आता आठवतो तो तिचा लालबुंद, हसरा चेहरा. वळणावर धापा टाकत ती म्हणाली, "उद्याही येऊ या हं."