शंखावरचं फूल

आम्ही औंढ्याहून येऊन लोणावळ्यात बिऱ्हाड केलं, तेव्हा शेजारी शाळेतले एक मास्तर राहत. मुलांना दाखवायला त्यांनी मुंबईहून आगगाडीने रॉकेलच्या डब्यातून समुद्राचं पाणी आणि त्यात एक खेकडा आणला. मोठ्या काचेच्या बरणीत तो ठेवला होता. तो कुणाच्या तरी रिकाम्या शंखात राही. मास्तर आणि त्यांच्या घरच्या बाई दोन दिवस लग्नाला गेले, तेव्हा बरणी माझ्यावर सोपवून गेले.

समुद्र मी पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी बरणीपाशी बसले तर शंखाच्या पाठीवर बोराएवढा तपकिरी गोळा चिकटलेला. मला वाटलं, जळू. लावणीच्या चिखलात आमच्या पोटऱ्यांना जळवा लागत. मीठ टाकलं की गळत. मी चिमूटभर मीठ टाकलं.

सासूबाई हसल्या. "अगं शाने, जल्मभर खाऱ्या पान्यात ऱ्हायलेलं ते, मिठाला भ्यायचं व्हय?"

मग मी हात घातला आणि नखाने तो गोळा सोडवला. बोटं चुरचुरली. गोळा खाली गेला आणि तळच्या दगडाला चिकटून घट्ट मिटला. खेकडा शंखात पार आत शिरला.

"मारलंस का काय त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "लोकांनी इस्वासानं दिल्याली चीज ती! आता मास्तरला काय सांगशील?"

मी तिथून हललेच नाही.

बऱ्याच वेळाने खेकडा बाहेर आला. दगडाभोवती फिरला, गोळ्यापाशी थांबला आणि पायांनी त्याला थोपटू लागला. तान्ह्या मुलाला थोपटावं तसा, हलके, न थांबता. चूल पेटवायची वेळ होऊन गेली. सासूबाईही बरणीपाशी येऊन बसल्या. हळूहळू गोळा सैल झाला. त्याने आपणहून दगड सोडला. खेकड्याने त्याला नांगीत उचलून पाठीवर धरलं, गोळा चिकटेपर्यंत धरूनच ठेवलं. मग त्या गोळ्यातून पाकळ्यांसारखे बारीक तंतू उमलले. सासूबाईंनी हात जोडले.

दिवेलागणीला मंडळी परतली. मी बाईंना सगळं खरं सांगितलं. ओसरीवरून मास्तरांनी ऐकलं.

"वहिनी, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत? मी नुसतं वाचलंय हो!" मग त्यांनी समजावलं. ते समुद्रफूल डंख करतं, म्हणून खेकड्याला कुणी खात नाही. फुलाला स्वतःला फारसं चालता येत नाही. खेकडा त्याला हिंडवतो, त्याच्या घासातलं सांडलेलं फुलाला मिळतं.

परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. पण त्यांनी विचारलं, "त्यानं ओढून काढलं का ते?" आणि दाराआडून माझा आवाज निघाला.

"नाही. त्याला ओढता आलं असतं. पण ते आपण होऊन सुटेपर्यंत तो थोपटत राहिला."