मंगळावरची वाटी

ताईंच्या कामाच्या खोलीत पहिल्यांदाच येणारा माणूस दारातच थबकत असे. समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. काही मिटलेले, काही उघडे. आणि उघडे होते ते सगळे एखाद्या जुन्या विनोदावर अजून हसत असल्यासारखे. कुरिअरवाला तर पाकीट उंबऱ्यावर ठेवून मागच्या मागे पसार होई.

कवळ्या बनवण्यात ताईंचं उभं आयुष्य गेलं होतं. डॉक्टर पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा दाबून माप घेत आणि ते डबीत घालून ताईंकडे पाठवत. त्या मापात दात नसत, दातांच्या जागा असत. जिथे दाढ उंच तिथे खड्डा, जिथे हिरडी बसलेली तिथे उंचवटा. ताई त्यात प्लास्टर ओतत, ते घट्ट झालं की लगदा सोलून फेकून देत, आणि मग खरा जबडा हातात येई. हे काम त्या मामांकडे शिकल्या. गावाहून शिक्षणासाठी म्हणून मामांकडे आल्या, कॉलेजही पुरं केलं, पण सुट्टीत मामांच्या हाताखाली मेण कोरता कोरता बोटांना त्याची जी गोडी लागली ती सुटलीच नाही. ज्यांचे दात त्यांनी बनवले त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. जबड्यावरून मात्र त्या चेहरे मनाशी रचत बसत. हा गृहस्थ रागीट असावा, ही बाई झोपेत दात खात असावी. संध्याकाळचं ऊन फळीवर तिरपं उतरलं की ते सगळे चेहरे खोलीभर तरंगू लागत आणि ताईंचा हातातला चाकू थांबे.

गावी डोक्यावर एवढं मोठं आकाश होतं, पण तेव्हा त्यांनी कधी मान वर केली नव्हती. आकाशाचा नाद लागला तो शहरात, आणि तोही बेकरीच्या माडीवर.

रविवारी दुपारी बेकरीची भट्टी विझलेली असे, पण माडीची जमीन तरीही कोमट राही. तिथे चटया टाकून काही रिकामटेकडी माणसं भिंतीवरच्या एका फोटोकडे बघत बसत. ही माणसं स्वतःला रिकामटेकडीच म्हणवत. अंतराळयानांनी पाठवलेले फोटो आता कोणालाही मिळतात. त्यातला एखादा निवडायचा, मोठा करून छापून आणायचा, भिंतीला चिकटवायचा आणि त्यावर भांडायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. मंडळाला नाव नव्हतं. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई होत्या. घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडणारा मीटरवाला होता. जागा बेकरीवाल्याची, त्यामुळे त्याला बोलू देणं भाग होतं, आणि त्याला प्रत्येक ग्रहावर पावच दिसे. "हा बघा, फुगून मधेच बसलाय. भट्टी कमी पडली याला," असं तो एका आख्ख्या ज्वालामुखीबद्दल म्हणाला होता.

या सगळ्यांना गोळा केलं होतं मोजणीवाल्या काकांनी. काकांनी जन्मभर जमिनी मोजल्या, माणसांची भांडणं बांधावर उभं राहून ऐकली. त्यामुळे असेल, भांडणाशिवाय गोष्ट खरी ठरत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. फोटो लावला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "ऊन कुठून येतंय?" ते कळल्याशिवाय सावलीला अर्थ नाही, आणि सावलीला अर्थ नाही तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. मग एकदा का तोंडं उघडली की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघू लागे.

पुढे काकांची दृष्टी गेली. हळूहळू गेली, कडांपासून आत सरकत गेली, आणि एका रविवारी त्यांनी भिंतीकडे तोंड करून शांतपणे सांगितलं, "आता सांगत चला रे."

मंडळी सांगू लागली. काका ऐकत, मधेच आपलं मत देत, आणि सगळे म्हणत, "बरोबर आहे, काका." असे काही महिने गेले. मग काका यायचे बंद झाले.

ताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. सुनेने चहा आणून ठेवला. काकांनी कप चाचपून बाजूला सारला.

"बरं नाही का, काका?"

"मला काय धाड भरलीय! तब्येत ठणठणीत आहे."

"मग येत का नाही?"

"मागे मी म्हणालो, ती वाहत्या पाण्याची खूण आहे. काही तरी ठोकून दिलं होतं मी, मुद्दाम. मीटरवाला म्हणाला, बरोबर आहे, काका. मीटरवाला! अगं, तो माणूस उजाडलंय की नाही यावर माझ्याशी वाद घालायचा. आता माझं काहीच कोणी खोडत नाही. मी काय म्हणेन ते खरं. देव्हाऱ्यात बसवलंत मला तुम्ही लोकांनी. मला नाही यायचं तिथे."

'बरोबर आहे' म्हणणाऱ्यांत ताईही होत्या.

"मी तुम्हाला जमीनच आणून दिली तर?" त्या शेवटी म्हणाल्या. "हाताने बघा. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका."

"म्हणजे?"

"प्लास्टरची. फोटोवरून करते."

काकांनी कप परत ओढून घेतला. "एकदा येईन. तेच झालं तर शेवटचं."

त्या दिवसांत भिंतीवर मंगळाचा एक फोटो होता. तांबूस माळ आणि मधोमध एक मोठा गोल, ज्याची उजवी बाजू काळोखात होती. बेकरीवाल्याने त्याला वाटी म्हटलं आणि सगळे वाटीच म्हणू लागले. ताईंनी फोटोची एक प्रत टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि मेणाची जाड वडी तापवायला घेतली.

असं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. जबड्याला डॉक्टरांचं माप असतं. इथे सावलीशिवाय काही नव्हतं. अंगठ्याने मेण दाबताना त्यांना वाटे, आपण खरोखरच त्या माळावर पालथ्या पडलो आहोत, वाऱ्याने धूळ उडते आहे, आणि इथे अजून कोणाचाही आवाज झालेला नाही. काठ चढवायला त्यांना एक दुपार लागली, उतार उतरायला दुसरी. डॉक्टरांचे फोन येत राहिले. एका गृहस्थांना कवळी लग्नाआधी हवी होती, ती तशीच पडून राहिली.

"घरात माणसांचे जबडे कमी होते, म्हणून आता ग्रहांचेही का?" धाकटी बहीण दारातून म्हणाली. दोघी बहिणी एकत्र राहत. स्वयंपाकघर धाकटीचं आणि प्लास्टरची धूळ ताईंची, अशी वाटणी होती. "तुझा मंगळ खाली ठेव आणि जेवायला ये. भात निवला."

मेणाचं काम झाल्यावर ताईंनी त्याचं माप घेतलं. गुलाबी लगदा एवढ्या आकाराला टिकत नाही, म्हणून मापही प्लास्टरचंच केलं, आणि त्या मापात पुन्हा प्लास्टर ओतून खरा तुकडा काढला. घट्ट होताना प्लास्टर तापतं. ताई त्यावर तळवा ठेवून बसल्या. ती ऊब वाढत गेली, अंगात उतरली, आणि त्यांना बसल्या जागी डुलकी लागली. झोपेत त्या वाटीच्या तळाशी उभ्या होत्या आणि वर काठावर काका वाकून काही तरी ओरडत होते. शब्द कळत नव्हते, पण ते रागावलेले आहेत एवढं कळत होतं, आणि त्याने ताईंना फार बरं वाटत होतं.

रविवारी निघताना बहिणीने घाई केली. रिक्षा दाराशी उभी होती. ताईंनी तुकडा फडक्यात गुंडाळला आणि त्या निघाल्या.

माडीवर सगळे आधीच जमले होते. काका मधोमध बसले. ताईंनी तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवून फडकं सोडलं. काकांची बोटं आधी कडेवरून फिरली, मग सावकाश आत आली. खालून पावाचे ट्रे आपटल्याचा आवाज आला आणि विरला. काकांच्या चेहऱ्यावर काही तरी उमटत होतं. पाण्याखालून वर येणाऱ्या वस्तूसारखं, आधी पुसट, मग जवळ.

"टेकडी आहे," काका म्हणाले. "छान गोल टेकडी. माथा सपाट."

ताईंनी खाली बघितलं. मांडीवर माप होतं. खरा तुकडा घरी टेबलावर राहिला होता. रोजच्या कामात माप गुलाबी असतं, जबडा पांढरा. चूक होऊच शकत नाही. इथे दोन्ही पांढरे होते, आणि जन्मभर उलट्याचं सुलट करणाऱ्या ताई उलटंच उचलून घेऊन आल्या होत्या.

बाई खाकरल्या. "हो, तसं म्हणायला हरकत नाही," त्या मऊ आवाजात म्हणाल्या.

"बरोबर आहे, काका," मीटरवाला म्हणाला.

काकांची बोटं थांबली. त्यांनी तुकडा मांडीवरून उचलला आणि चटईवर ठेवला, अगदी हळू, जेवण झालेलं ताट ठेवावं तसा. मग काठीसाठी हात पुढे केला.

ताईंना समजलं की हा हात काठीला पोचला, म्हणजे संपलं.

"साफ चूक, काका!" त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "खड्डा आहे तो."

बाईंनी डोळे वटारले. काकांचा हात हवेतच राहिला.

"माझ्या हाताला टेकडी लागली."

"लागणारच. मी चुकून माप आणलं, उलटं. तुमच्या हातात टेकडी आहे आणि फोटोत खड्डा आहे. आणि तुम्ही," त्या मीटरवाल्याकडे वळल्या, "फोटो समोर दिसत असून बरोबर आहे म्हणता? लाज नाही वाटत?"

"पण मला टेकडीच दिसते!" मीटरवाला कळवळून म्हणाला. "पहिल्या दिवसापासून दिसते. तुम्ही सगळे वाटी वाटी करत होतात, म्हणून गप्प बसलो."

"काय?" बाई म्हणाल्या.

"उपडी वाटी असेल, असं मीही मनात म्हटलं होतं एकदा," बेकरीवाला हळूच म्हणाला.

काका ताठ बसले. "ऊन कुठून येतंय?"

ते यायचे बंद झाल्यापासून हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"सावली गोलाच्या उजव्या अंगाला आहे," ताई म्हणाल्या. "ऊन उजवीकडून असेल तर खड्डा. डावीकडून असेल तर..." त्या थांबल्या.

"तर टेकडी," काका म्हणाले. "बोल की! आजूबाजूला दगडबिगड नाहीत? त्यांच्या सावल्या बघा."

"कडा कापल्यात," बेकरीवाला म्हणाला. "कपाट आडवं येत होतं."

"मंगळ कापलास कपाटासाठी?"

"ऊन कुठून ते लिहिलेली माहितीची पट्टीही त्यातच गेली," बाई रागाने म्हणाल्या. "मला विचारायचं तरी! पण काका, खड्डाच आहे तो. काठाची धार बघा ना, टेकडीला अशी धार नसते."

"मला बघायला काय सांगता? आणि धार नसते हे कोणी सांगितलं? सपाट माथ्याच्या टेकड्या मी पायी मोजल्यात, बाई, तुम्ही फळ्यावर काढल्यात."

"हट्टी माणूस!"

"मूळ फोटो फोनवर काढतो," मीटरवाला म्हणाला. "आत्ता कळेल."

"फोन खिशात ठेव!" काकांनी काठी जमिनीवर आपटली. "आधी भांडून घेऊ. मग बघू."

आणि ते भांडले. मीटरवाल्याला काकांची बाजू मिळाल्याचा आनंद फार वेळ टिकला नाही, कारण काकांनी त्याचंच म्हणणं आधी खोडून काढलं. त्याची टेकडी चुकीच्या कारणांनी टेकडी होती म्हणे. ताई भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. गोलाकडे टक लावून बघता बघता त्या खड्ड्याची टेकडी झाली, पुन्हा खड्डा झाला. जणू तो माळ श्वास घेत होता. पायाखालची जमीन कोमट होती. मागे काका बाईंना सांगत होते की भूगोल हा बसून करायचा विषय नाही.

उन्हं उतरली तेव्हा ताई त्यांना घरी सोडायला निघाल्या. जिना उतरताना काकांचा हात त्यांच्या खांद्यावर होता आणि तोंड चालू होतं.

"तुझ्या डोक्यात प्लास्टर भरलंय. खड्डा म्हणे! पुढच्या रविवारी तो दुसरा तुकडा आण, मग दाखवतो तुला कुठे चुकलीस ते."

"तुम्हीच चुकलात, काका."

"पुन्हा म्हण."

"चुकलात. साफ."

काका खदखदून हसले आणि पायरी चुकता चुकता सावरले. रस्त्यावर दिवे लागत होते. कोपऱ्यावर येईपर्यंत त्यांनी ताईंच्या खड्ड्याविरुद्ध आणखी एक नवा मुद्दा काढला होता, आणि तो बरा मुद्दा होता. त्याला काय उत्तर द्यावं याचा विचार करत ताई त्यांच्याबरोबर चालत राहिल्या.