काचेचे मामंजी

लंडनला जायचं ठरलं ते भांडणातून. मला सातवा लागलेला, माझी आई हयात नाही, आणि बाळंतपणासाठी आमच्याकडे कॉव्हेंट्रीला आलेल्या सासूबाईंनी माझ्याशी वाजल्यावर अख्ख्या भावकीला फोनवर सांगून टाकलं, "शनिवारी मी साताऱ्याला परत निघाले. बंद घरात मामंजींचा टाक उपाशी बसलाय." मामंजी म्हणजे त्यांचे सासरे, चांदीच्या पत्र्यावर कोरून देवघरात बसवलेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग म्हटलं, जातायत तर निदान म्युझियम तरी दाखवू.

कॉव्हेंट्रीहून लंडनचं यूस्टन स्टेशन तासाभराचं. तिकीट आधी काढा, स्वस्त पडतं. म्युझियम फुकट, पण बॅग तपासतात. आमच्या बॅगेत बेसनाचे लाडू निघाले. तपासणाऱ्याने डबा हुंगला आणि सोडून दिला.

काचेच्या दागिन्यांपाशी आई, म्हणजे सासूबाई, थबकल्या. अंगठ्याएवढं मुंडकं, फिनिशियन लोकांनी घडवलेलं, दोन हजार वर्षांहून जुनं. पिवळा चेहरा, निळी कुरळी दाढी, बटबटीत डोळे, डोक्यावर ओवायला कडी. नजर लागू नये म्हणून गळ्यात घालत असावेत, असं पाटीवर होतं.

"अगं बाई! मामंजी!"

मी काही म्हणायच्या आत चपला काढून, पदर डोक्यावर घेऊन, त्यांनी कपाटासमोर लाडू ठेवलासुद्धा. धिप्पाड गार्ड धावत आला. "नो फूड इन द गॅलरी, लव्ह!"

"त्याला सांग, नैवेद्य आहे."

सांगितलं. जमीन दुभंगावी असं झालं होतं मला. गार्डने वाकून मुंडकं नीट न्याहाळलं. "माय अंकल केव्हिन," म्हणाला गंभीरपणे, आणि लाडू उचलून घेऊन गेला. निघताना पाहिलं तर त्याच्या मिशीत बेसन.

खालच्या दुकानात तसलंच नकली पदक मिळालं. वेम्बलीला ईलिंग रोडवर डोसा खाल्ला (चटणी मागून घ्या, आपणहून देत नाहीत), कापूर घेतला आणि संध्याकाळी घरी. आईंनी पदक बाळकृष्णाशेजारी बसवलं, गंध लावलं आणि साताऱ्याला फोन केला: "मामंजी स्वतः इथं आले. इथंच राहा म्हणतायत. तिकीट रद्द."

माझा नवरा निखिल हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आला, देवघरात डोकावला. "आई, आजोबांना दाढी कुठे होती गं? ते तर रोज तुळतुळीत करायचे."

"मला सांगतोस? पंधरा वर्षं त्यांच्या दाढीचं पाणी मी तापवलंय."

"मग?"

"मग काय मग! चारचौघांत जाते म्हणून बसले. आता राहते म्हणायला कुणीतरी मोठ्या माणसानं सांगायला नको?" माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तू पाय वर घेऊन बस गं. सुजलेत."